पहिली बरगडी बोळक्याले

डॉक्टर सरळच बोलले होते. सोमवारपर्यंत बाबांच्या पोटात तोंडावाटे काही गेलं नाही, तर नाकातून नळी टाकायची. बाबांनी त्या नळीचा धसका घेतला होता. आमच्या अमडापूरच्या गल्लीत एक जण नळी लावून घरी आला होता आणि नळीसकटच गेला. तेव्हापासून बाबांच्या लेखी नळी म्हणजे तिरडीचा पहिला बांबू.

जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. किरणांचे शेक सुरू करण्याआधी सगळे दात काढले होते. वरण उतरेना, खीर उतरेना. मिक्सरमधून काढलेली प्रत्येक वाटी जशीच्या तशी परत यायची. मला राग यायचा. आजाऱ्यावर काढता येत नाही म्हणून मी तो वाटीवर काढायची. शेवटी एकदा चिडूनच विचारलं, "मंग खासान तरी काय?"

"बरगडी," बाबा म्हणाले.

डुकराच्या बरगड्या हा बाबांचा प्रांत. घरातल्या चुलीवर ते मटण कधी चढलं नाही. मागच्या अंगणात तीन दगड, वेगळा गंज म्हणजे मोठं पातेलं, आणि बाबा. शिजलं की नाही हे मात्र ते स्वतः ठरवत नसत. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शेजारणीच्या तोंडात औषधालाही दात नव्हता, तिला बोलावणं जायचं. ती बरगडी हिरड्यांनी ओढायची आणि बाकीचे हात आवरून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती "शिजलं" म्हणाली की वाढणं सुरू, आणि मग कोणी हात आखडायचा नाही. ती मान हलवून नाही म्हणाली, की गंज पुन्हा निखाऱ्यावर. "पहिली बरगडी बोळक्याले," बाबा म्हणायचे. ती गेल्यावर तो मान दुसऱ्या म्हातारीकडे गेला. आता तो आमच्याच घरात आला होता, पण तसं कोणी बोलून दाखवत नव्हतं.

मोबाईलवर मी बार्बेक्यूच्या बरगड्या पाहिल्या होत्या. मांस हाडावरून लोण्यासारखं सुटतं म्हणे. मला ते लोणीच हवं होतं. रविवारी सकाळी बरगड्या आणल्या, मागची पातळ पांढरी चामडी ओढून काढली, मीठ-लसूण चोळलं आणि नरम व्हावं म्हणून अर्धी कच्ची पपई किसून लावली. मग बाभळीची लाकडं आणायला गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भडकून विझते, तिचा निखारा टिकत नाही. तेवढ्यात मायनं, मला न विचारता, उरलेली अर्धी पपईही किसून त्याच बरगड्यांना लावली.

झाकणावर निखारे ठेवून गंज मंद आचेवर दुपारपर्यंत ठेवला. गूळ, चिंच आणि लसणाचा रस वेगळा आटवला. तिखट नावालाच घातलं, कारण शेकांनी बाबांच्या तोंडाची आतून सालं निघाली होती. मग जाळीवर भाजायला पहिली बरगडी चिमट्यानं उचलली, तर चिमट्यात नुसतं हाड आलं. दुसरीचं तेच, तिसरीचंही तेच. गंजात गाळ झाला होता.

"माय, तू बी पपई लावली का?"

"मंग? त्याईले दात कुठं हायेत?"

मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तीही पळी घेऊन माझ्या अंगावर आली. पपईसाठी कोणी इतकं भांडत नाही. उद्या सोमवार होता.

बाबा खाटेवरून सगळं बघत होते. त्यांनी हात पुढे केला. मी तो गाळ एका हाडाभोवती बोटांनी दाबून बसवला, वरून गुळाचा रस लावला आणि निखाऱ्यावर धरला. बोटं भाजली, पण बरगडी म्हणावी असं काहीतरी झालं. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, वास घेतला. त्यांचं तोंड बोटभरच उघडायचं. बरगडी आत जाईना. मग मी चिमूटभर तोडून त्यांच्या जिभेवर ठेवलं.

माय आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो. उतर, उतर, असं मी मनात म्हणत होते. इतकी लाचार मी कोणापुढे झाले नव्हते, आणि इथे तर एका घासापुढे झाले होते. बाबांनी तो घास बराच वेळ तोंडात घोळवला. गळा हलला नाही. मग त्यांनी तो हळूच तळहातावर काढला आणि मूठ मिटली.

"शिजलं," ते म्हणाले. "वाढ."

बोळक्यानं सांगितल्यावर हात आखडायचा नाही. आम्ही दोघी त्यांच्यासमोर ताटं घेऊन बसलो आणि जेवलो. मटण चांगलं लागत होतं, याचाच मला संताप येत होता. आमचं जेवण होईपर्यंत बाबांनी मूठ उघडली नाही.