ताणलेला कोपरा

ढिल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घोटभर चहा, अंगात स्वेटर, आणि सायकलने थेट तळ्यावर. सरकारी उद्यानात मुक्कामाला आलेली माणसं लाकडी खोल्यांत घोरत असायची, तेव्हा हा गडी तरंगत्या धक्क्याखालची पिंपं ठोकून कुठल्यात पाणी शिरलंय ते आवाजावरून ओळखायचा. मी होड्यांवर होतो. काम शेजारचं, म्हणून त्याची मेहनत मला माहीत. बाकीच्यांना फक्त धक्का दिसायचा.

ढिल्या हे नाव आम्हीच पाडलं. धक्का चार दोरांनी तळाच्या सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधलेला. हा चारही दोर सैल ठेवायचा. धक्का डुलायचा, पाहुणे कुरकुरायचे. पण रोज दुपारी खालच्या धरणाचे दरवाजे बंद झाले की तळं हातभर चढतं. दोर ताठ असेल तर तेवढा कोपरा वर येत नाही, पाण्याखाली जातो. दोर बांधायला कोणीही शिकतो. किती सोडायचा ते कळायला वर्षं जातात.

थंडी सरली की उद्यानात मेळावा भरायचा. गाणी, खेळ, होड्यांची शर्यत, सगळ्या खोल्या भरलेल्या. त्या वर्षी ढिल्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पहिल्यांदाच येणार होत्या. त्यांचा खुबा निकामी झालेला, चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नव्हतं. नवरा इतकी वर्षं कुठे राबतो ते त्यांना बघायचं होतं. त्यांची खुर्ची डुलू नये म्हणून ढिल्याने पहाटे पाण्याकडच्या एका कोपऱ्याचा दोर ताणून बांधला. दुपारी दरवाजे बंद व्हायच्या आत सोडू, असा त्याचा बेत. शर्यतीला पाणी जास्त हवं म्हणून त्या दिवशी दरवाजे सकाळीच बंद केले होते. ते आम्हाला कळलं नाही.

शर्यत सुटली तेव्हा धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मी एक होडी लावून वर चढलो, तर वहिनींच्या चपला पाण्यात. फळ्यांवरून पाणी आत येत होतं. ढिल्या माझ्याआधीच तिथे पोचला होता.

"सुरी दे."

"तोडू नकोस," मी म्हणालो. "कोपरा उसळला तर निम्मी माणसं तळ्यात."

"तोडत नाही रे. याला खालून दुसरा दोर जोडून भार त्यावर घेऊ. मग गाठ कापायची आणि हळूहळू सोडायचं. पण आधी कोपरा रिकामा हवा."

लांबवर होड्या वळसा घालून परत फिरल्या होत्या. त्या जवळ आल्या की सगळा धक्का याच कडेला धावणार. ओरडावं, तर लोक घाबरून पळणार, आणि काठावर जायची फळी जेमतेम एका माणसापुरती.

ढिल्या खुर्ची उचलायला वाकला. वहिनींनी पायांकडे पाहिलं, मग दोराकडे.

"ताणलात?"

"हो."

"माझ्यासाठी?"

त्याने खुर्चीचा दांडा धरला.

"खुर्चीला हात लावू नका. मला उचललंत तर मदत करायला पन्नास जण याच कोपऱ्यात येतील. तुम्ही दोर बघा."

मग शेजारच्या बायकांकडे वळून त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, इथून तर नुसतं ऊन डोळ्यांत जातंय. काठावरच्या त्या टेकाडावरून सगळं कसं समोर दिसेल. मला चालता आलं असतं तर केव्हाच जागा धरली असती."

"मग तुम्ही काय करणार?" एकीने विचारलं.

"माझं काय, मी माझी जागा घरूनच आणलीये."

बायका हसल्या. एका मावशींनी पिशवी उचलली. एक उठली की दुसरीला चैन पडत नाही. पोरं गेली, पोरांमागे बाप गेले.

"अहो उंच भाऊ, तुमच्यामागे कोणाला काही दिसत नाही. तुम्ही तर जाच. फळीवरून एकेक, सावकाश."

उंच भाऊ पुटपुटत निघाला.

कोपरा मोकळा झाला तसा ढिल्या पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून त्याने दुसरा दोर जोडला. मी त्याचे तीन वेढे खुंट्यावर घेतले आणि टोक धरून मागे रेललो. त्याने गाठ कापली. सगळा भार माझ्या तळहातांवर आला.

"सोड. थोडाच."

दोर करकरत सरकला. कोपरा बोटभर वर आला. पुन्हा बोटभर. काठावर आरोळ्या उठल्या, होड्या आल्या होत्या. धक्क्यावर उरलेली माणसं कडेला सरकली. धक्का हलला आणि ओला दोर माझ्या हातांतून वीतभर निसटला. कोपरा उसळला आणि परत खाली झुकला. खुर्ची पाण्याकडे घसरली.

ढिल्याने झेप घेऊन पाठ चाकाला लावली आणि दोन्ही टाचा कडेच्या पट्टीत रोवल्या. मी दोर आवळला. कातडी सोलून निघाली, पण दोर थांबला.

"हळू," वहिनी म्हणाल्या. "मी कुठे जात नाहीये."

उरलेला दोर आम्ही इंच-इंच सोडला. पाणी फळ्यांवरून उतरलं. मग कुठे ढिल्याने खुर्ची मागे ओढली आणि तिथेच खाली बसला.

उद्यानाच्या मॅनेजर बाई आल्या. "काय झालं इथे?"

"दोर मी ताणला होता. चूक माझी," तो म्हणाला. त्याला पुढच्या वर्षीच्या मेळाव्याच्या कामावरून काढलं.

घरी मात्र वाद झाला. मी हातांना मलम लावून घ्यायला गेलो होतो, म्हणून ऐकला. ढिल्या म्हणत होता, तुला आता पाण्याजवळ नेणार नाही. वहिनी म्हणाल्या, "मला धक्क्याची भीती नाही वाटली. तुम्ही चाकाखाली जाल याची वाटली. मी पायांवर उभी असते तर तुम्हाला पाठ लावायची गरज होती का?"

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे जाऊन आला. घराच्या नव्या छपरासाठी त्याने पगारातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलं होतं. ते सगळं खुब्याच्या ऑपरेशनला लागलं. छप्पर अजून गळतं. गळायला लागलं की वहिनी उठतात, चालत जातात आणि खाली पातेलं ठेवतात.