बाईंच्या पियानोचं झाकण

कवळीवाली मोठी डूख धरणारी. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायची, मेणात एकेक दात नीट बसवायची. आणि तिचा स्वतःचा दात होता पियानो शिकवणाऱ्या बाईंवर, तोही लहानपणापासून.

झालं होतं असं. वार्षिक कार्यक्रमात भर सभागृहात तिची बोटं अडखळली. पुन्हा अडखळली. बाई तरातरा उठल्या, मनगटाला धरून तिचे हात बाजूला केले आणि पियानोचं झाकण लावून टाकलं. "हे हात बटाटे सोलायला बरे!" लोक हसले. तिची सख्खी आईसुद्धा पदराआड हसली. पोरगी त्यानंतर पियानोच्या वाटेला गेली नाही.

पण लेक झाली ती नेमकी या वेडाची. ताट दिसलं की ताटावर बोटं, खिडकी दिसली की खिडकीवर. कवळीवालीने जुना पियानो घेतला आणि शिकवणारं माणूस शोधायला लागली. पहिले मास्तर शिकवता शिकवता घोरायचे. दुसरी ताई चुकलं तरी "वा, वा!" करायची; शेवटी पोरगीच वैतागली. तिसरा स्वतःच वाजवत बसायचा आणि पोरगी आपली शेजारी जांभया देतेय.

"अगं, मग बाईंकडे घाल की," नवरा म्हणाला. "त्यांच्यासारखं कोणी शिकवत नाही."

"त्या बयेचं नाव काढू नका!" ती कडाडली. पण दुसऱ्या दिवशी मेण तापवताना तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि ती एकटीच हसली. बाईंची एक पद्धत होती. कार्यक्रमात सगळ्यात तयार विद्यार्थी शेवटी वाजवायचा, आणि त्याच्या शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायला बाई स्वतः यायच्या. ती शेवटची खुर्ची आपल्या लेकीला मिळाली पाहिजे, कवळीवालीने ठरवलं. पुढचं मग बघून घेऊ.

ती लेकीला घेऊन गेली, तेव्हा बाईंनी तिला ओळखलं नाही. शिकवणी चालू असताना ती बाहेर बाकावर कान टवकारून बसायची. आता ओरडतील, मग ओरडतील. कसलं काय! पोरगी चुकली की बाई म्हणायच्या, "थांब बाळा. श्वास घे. आता पुन्हा तिथूनच." कवळीवालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या वेळी कुठे गेला होता हा श्वास?

"आई, बाई कसल्या भारी आहेत गं!" घरी येताना लेक म्हणायची.

"आहेत हो, आहेत."

काही वर्षांनी शेवटची खुर्ची लेकीला मिळाली. आदल्या संध्याकाळी कवळीवालीने तिला समोर बसवून सगळी जुनी गोष्ट सांगितली. "उद्या बसायचं, झाकण लावायचं आणि उठून यायचं. एक सूर वाजवायचा नाही."

"पण मला येतं गं ते. सगळं येतं."

"येतं म्हणूनच तर!"

"आणि मी नाही ऐकलं तर?"

"तर मला आई म्हणू नकोस." बोलून गेली ती, आणि जीभही चावली नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं. लेकीने पट्ट्यांवर हात ठेवले. बाई चष्मा सावरून पानाचा कोपरा धरून बसल्या. लेकीने एकदा पहिल्या रांगेत आईकडे बघितलं, आईने मान डोलावली, आणि तिने हलकेच झाकण लावलं.

"काय झालं बाळा? बरं वाटत नाही का?" बाई गडबडल्या. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. हेच ते हसू! कवळीवाली ताडकन उठून मंचापाशी गेली. "ओळखलंत का बाई? बटाटे सोलणारे हात!"

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांना आठवलं. चेहरा पांढराफटक पडला, पानाचा कोपरा हातातून सुटला. कवळीवालीला ते गोड लागलं, खोटं कशाला बोला? घरी आल्यावर ती चक्क गुणगुणत होती.

लेकीने मात्र घरच्या पियानोवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायला सुरुवात केली. आज उचलेल, उद्या उचलेल म्हणत कवळीवालीने वाट बघितली. शेवटी ती म्हणाली, "बाई गेल्या खड्ड्यात. आपण दुसरं कोणीतरी चांगलं शोधू."

लेक टॉवेलची घडी घालत होती. "शोध ना. तुझ्यासाठी शोध. माझं शिकून झालं."

"असं काय बोलतेस गं आईशी?"

लेकीने घडी ढिगावर ठेवली आणि आत गेली. कार्यक्रमापासून तिने एकदाही आई म्हणून हाक मारली नव्हती, हे कवळीवालीच्या तेव्हा ध्यानात आलं.