आईची साक्ष

गल्लीत तिला सगळे कलमबाई म्हणत. वकील व्हायचं राहून गेलं, पण कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ती आईच्या घरातल्या पुढच्या खोलीत शिकवायची. शेजारणीशी भांडतानाही तोंडात कायद्याचं कलम, म्हणून हे नाव. घर आईचं. शिवणयंत्रावर पाठीचा कणा वाकेपर्यंत कपडे शिवून तिने ते स्वतः घेतलेलं. पुढच्या खोलीत फळा, मागच्या खोलीत आई, मध्ये एक पडदा.

त्या दिवशी मालमत्तेच्या हस्तांतरणाचा धडा होता. मुलं या धड्याला बिचकतात, म्हणून ती दरवर्षी हसवून शिकवायची.

"म्हातारा ठणठणीत आहे. दोन वेळा जेवतो, वर सुनेशी भांडतो. आणि पोरगा म्हणतो, बाबांच्या माघारी घर मलाच मिळणार, ते मी आजच विकतो. चालेल?"

"नाही मॅडम," चष्मेवाली मुलगी म्हणाली, "ती नुसती आशा झाली."

"शाब्बास. आपलं असेल ते विकता येतं. पुढे मिळेल अशी आशा विकता येत नाही. बाजारात तुरी आणि यांची आधीच फोडणी."

मुलं हसत होती तेवढ्यात दार ढकलून तिचा थोरला भाऊ आत आला. मागे लाकडाच्या वखारीचा मालक, हातात मोजपट्टी.

"चालू दे तुझं," दादा म्हणाला. "आम्ही जरा मापं घेतो."

वखारवाल्याने पट्टीचं टोक फळ्याखाली दाबलं, तिच्याच टेबलावरचा खडू उचलला आणि भिंतीवर खूण केली. "ही भिंत पाडायला लागेल," तो म्हणाला.

"कुणाची भिंत?" कलमबाईने विचारलं.

"माझ्या वाट्याची. आईनंतर अर्धं माझंच ना? ते मी शेठना दिलंय. रीतसर कागद झालाय. आईची सहीसुद्धा आहे."

आईची सही म्हटल्यावर कलमबाईची सगळी कलमं विरघळून गेली. आईने घर देऊन टाकलं असेल तर? या वयात ती राहणार कुठे? ती पडदा सारून आत गेली. आई मटार सोलत बसली होती.

"आई, दादाच्या कागदावर तू सही केलीस?"

"केली की. साक्षीदार म्हणून. आपल्या घरात कुणाचाही कागद झाला की साक्षीला मीच असते. तुझ्या मामाच्या दुकानाला मीच होते."

"कशाचा कागद ते विचारलंस?"

"पोराच्या व्यवहाराला काय विचारायचं? म्हटलं, चांगलंच काहीतरी असेल. चष्मा सापडेना, तर त्यानेच बोट ठेवून जागा दाखवली."

कलमबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिचं घर, तिलाच तिच्या घराच्या सौद्याला साक्षीला बसवलं. परक्याने फसवलं तर त्याला चोर म्हणून माणूस मोकळा होतो. इथे बोट ठेवून जागा दाखवणारा पोटचा पोरगा होता.

ती बाहेर आली. "दादा, आई मटार सोलतेय. जिवंत आहे. जाऊन बघून ये."

"पोरांसमोर तमाशा नको."

"पोरांसमोर आईच्या भिंतीवर खूण करवलीस, तेव्हा नाही वाटलं?" ती वखारवाल्याकडे वळली. "शेठ, या कागदावर आई मालक म्हणून आहे की साक्षीदार म्हणून?"

"साक्षीदार. पण सही तर आहे..."

"माझ्या भावाने सही केली आणि ती तिने पाहिली, एवढंच ती सही सांगते. तिने तुम्हाला काही दिलेलं नाही. आणि याने जे दिलं, ते याच्याजवळ नाहीच."

वखारवाल्याने पट्टी गुंडाळली. "तुम्ही तर म्हणाला होतात, म्हातारी तयार आहे."

"तयार झाली असती," दादा पुटपुटला.

"कशाला तयार?" पडद्याशी आई उभी होती, हातात मटारांचं पातेलं.

दादा दाराकडे सरकला.

"माझ्या मरणाला का रे?" आई शांतपणे म्हणाली. "मग मला साक्षीला कशाला बसवलंस? निदान ते तरी दुसऱ्या कुणाला सांगायचं होतंस."

दादा उंबऱ्याबाहेर पडला तो "बहिणीनेच घर फोडलं" असं म्हणत. वखारवाला त्याच्या मागे, दिलेला विसार परत मागत. माफीचा शब्द दोघांच्याही तोंडून निघाला नाही.

मुलं वह्यांत तोंडं घालून बसली होती. आई येऊन मागच्या बाकावर बसली, पातेलं मांडीवर.

"ते म्हाताऱ्याचं सांगत होतीस ना? आत ऐकू येत होतं. मीसुद्धा हसले." तिने एक शेंग उकलली. "आता म्हातारीचं सांग."

कलमबाईने खडू उचलला.

"एक म्हातारी ठणठणीत आहे," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

"दोन वेळा जेवते, तेही सांग," आई मागून म्हणाली.