भेंडीच्या पाण्याचा सिद्धांत

वर्गात मी दरवर्षी एक वाक्य हमखास म्हणते: ज्याने सिद्धांत मांडला, त्याच्यापेक्षा तो तुम्हाला जास्त चांगला समजायला हवा. त्याला चुकतमाकत तिथवर जावं लागलं, तुम्हाला आयता मिळाला आहे. मुलं वहीत उतरवून घेतात. मलाही हे वाक्य आवडतं. फक्त सिद्धांत दुसऱ्याचा असावा.

माझाही एक आहे. छोटाच, गुऱ्हाळापुरता. रसायनशास्त्रात एम.फिल. करताना मी कसबा बावड्यातल्या एका गुऱ्हाळावर हंगामभर जात होते. उसाचा रस काहिलीत, म्हणजे तिथल्या मोठ्या कढईत, तापला की त्यात थोडा चुना आणि भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी घालतात. मग रसातली घाण वर येते, तिला मळी म्हणतात. ती वर का येते, हे मी लिहिलं: भेंडीचं पाणी रसात जाळ्यासारखं पसरतं आणि कचरा गोळा करून वर आणतं. पुढे हे मी नोट्समध्ये घातलं आणि शिकवत राहिले.

गेल्या वर्षी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी माझा जुना प्रबंध काखेत मारून स्टाफरूममध्ये आली. तिच्या घरचंच गुऱ्हाळ आहे.

“मॅडम, तुमचा सिद्धांत मला तुमच्यापेक्षा जास्त कळलाय.”

“आधी बस.”

ती बसली नाही. तिने तक्ता उघडला. “ह्या दोन दिवशी मळी वर आली न्हाई. तुम्ही खाली लिहिलंय, भेंडी जून असावी.”

“असेल की.”

“चुन्याचा रकाना बघा. दोन्ही दिवशी शून्य. चुना संपला असणार. भेंडीचं पाणी एकटं काय करत न्हाई मॅडम, चुना त्याला कचऱ्याशी बांधतो. तुमच्याच तक्त्यात हाय की. तुम्हीच मोजलंय.”

मोजलं होतं खरं. काहिलीत जे जे पडेल ते लिही, असं माझ्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं, म्हणून लिहिलं. जाळं मात्र मला शाहूपुरीत सुचलं, टायपिस्टच्या बाकावर. तो तिसऱ्या प्रकरणाशी येऊन थांबला आणि म्हणाला, “ताई, कारणाची जागा मोकळी आहे, काय टाकू?” समोरच्या दुकानात मच्छरदाण्या टांगलेल्या होत्या. सिद्धांताला ठिगळ कुठे लावलंय, हे मांडणाऱ्याइतकं कुणालाच कळत नाही. एवढ्यापुरती मी तिच्या पुढे होते.

तिला चुन्याचं हे म्हणणं प्रकल्प म्हणून विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. आमच्या कॉलेजातून एकच जाणार होता. निवड झाली तर वडील पीएच.डी.ला हो म्हणणार होते, नाहीतर नाही. मी दोन दिवस कुरकुरले आणि तिच्या अर्जावर सही केली.

निवडीच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून जे एकमेव परीक्षक आले, ते माझेच जुने विद्यार्थी निघाले. माझ्या पेपरला वर्गात पहिले आलेले. वाकून नमस्कार केला, मला पहिल्या रांगेत बसवलं. मुलीने बोलायला सुरुवात केली आणि पाचच मिनिटांत त्यांनी तिला थांबवलं.

“चुना कशाला मध्ये आणताय? हे जाळ्यामुळे होतं. सिद्ध झालेली गोष्ट आहे.”

“कुणी सिद्ध केली, सर?”

त्यांनी अदबीने माझ्याकडे हात केला. सगळं सभागृह वळलं. मी गप्प बसले असते तर मुलगी तिथेच बाद झाली असती. मी उठले.

“तो सिद्धांत माझा आहे आणि तो चुकला आहे. हिचं बरोबर आहे.”

“हा तुमचा मोठेपणा, मॅडम,” ते हसून म्हणाले. “पण तुम्ही स्वतःच्या कामाला कमी लेखताय.”

आणि ते फळ्याकडे गेले. जाळं काढलं, गाठी काढल्या, जाळ्यात अडकलेला कचरा काढला. त्या दोन नापास दिवसांचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: जाळ जास्त झाला, जाळं तुटलं. माझा सिद्धांत इतका सुंदर मी कधीच शिकवला नव्हता. क्षणभर मलाही तो पटला.

“झालं का, सर?” मुलगी म्हणाली. “रस तापलाय.”

शेगडीवर तिचे दोन बीकर होते. दोन्हींत भेंडीचं पाणी, चुन्याची निवळी एकातच. त्या एकात मळीचा जाड थर वर आला. दुसऱ्यात रस गढूळच राहिला.

परीक्षक वाकले. “ह्यातली भेंडी जरा...”

“एकाच बाटलीतली हाय, सर. निवळी तुमच्याच हातानं ओता की.”

त्यांनी ओतली. मळी वर येईपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. मग खुर्चीत बसले आणि गुण लिहिले. मुलीची निवड झाली. वडील हो म्हणाले.

जाताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. “मॅडम, इतकी वर्षं मी पोरांना जाळं शिकवतोय. आता काय सांगू?”

“चुकलं म्हणून सांगायचं.”

“माझं कुठं चुकलं? तुमचं चुकलं.”

“मग मला बोलवा.”

त्यांनी खरंच बोलावलं. मी गेले, सोबत बीकर धरायला मुलीला नेलं. तासभर चुना शिकवला. तिने मला दोनदा मध्येच थांबवून दुरुस्त केलं. पहिल्यांदा तिचं बरोबर होतं. दुसऱ्यांदा तिचं चुकलं असं माझं म्हणणं आहे. तिला ते मान्य नाही. हंगाम सुरू झाला की तपासणार आहोत.