कडेची लाल रेघ

सेव्हचं बटण दाबलं की छायाताई चहाचा कप हातात घ्यायच्या. कप रिकामा व्हायचा, तरी पडद्यावरचं चाक फिरतच असायचं. चार मिनिटं. कधी पाच.

इंदिरानगरातल्या त्या टायपिंगच्या दुकानात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार. बोटं अजून झरझर चालायची. पाठ मात्र दुपारपासूनच धरायची.

गेल्या वर्षी फाइली सेव्ह व्हायला वेळ लागू लागला. मालक भारतभाऊंनी नवा कॉम्प्युटर आणला. तरी तेच. मग त्यांचं मत झालं, की मशीन नवं आहे, म्हणजे ताईच थकल्या.

"गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय," सकाळीच ते म्हणाले होते. "आजचा दिवस बघतो ताई. नाहीतर उद्यापासून या टेबलावर झेरॉक्स मशीन बसेल."

छायाताईंनी पुढची फाइल उघडली. वाद घालायलाही जोर लागतो.

दुपारी सायखेड्याहून कोंडाजी आले. शेतरस्त्याचा अर्ज होता, पाचच्या आत तहसील ऑफिसात द्यायचा. टाइप व्हायला आठ मिनिटं लागली, सेव्ह व्हायला पाच. मग कोंडाजींना गट नंबर चुकीचा सांगितल्याचं आठवलं. पुन्हा पाच मिनिटं. मग सहीखाली भावाचंही नाव हवं झालं.

"ताई, लय येळ लागतो बा तुमच्या मशीनला. तवर मी चालत सायखेड्याला जाऊन आलो असतो."

"जा की. येताना आणखी एक दुरुस्ती घेऊन या."

कोंडाजी हसले. भारतभाऊ हसले नाहीत. घड्याळात चार वाजले होते.

तेवढ्यात सायली आली. शेजारच्या सोसायटीतली, एम.ए. मराठी झालेली, नोकरी शोधणारी. वाचनालयातून परतताना रोज ती ताईंजवळ स्टुलावर टेकायची. वयात तीस वर्षांचं अंतर, पण मैत्री होती.

"ताई, ही कडेला लाल रेघ कसली?"

"पडदा गेलाय. दोन-तीन वर्षं आहे ती. कागदावर येत नाही."

"नवा कॉम्प्युटर, नवा पडदा आणला तरी?"

छायाताईंचा कप हातातच राहिला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माझ्या प्रबंधाला असली रेघ होती," सायली म्हणाली. "सरांनी दुरुस्त्या करून पाठवला होता तेव्हा. तुम्ही प्रत्येक अर्जाला नवी फाइल उघडता ना?"

"नवी कशाला? समास, वर स्टँपची जागा, सगळं केरूनानांनी बसवून दिलेलं आहे." केरूनाना म्हणजे त्यांना टायपिंग शिकवणारे. "कालची फाइल उघडायची, मजकूर पुसायचा, आजचा टाइप करायचा, नवं नाव द्यायचं. सगळे टायपिस्ट असंच करतात."

सायलीने रेघेवर क्लिक केलं.

पडदा लाल झाला. पान सरकलं, आणखी सरकलं, थांबेचना. अडीच हजार पानं. कुणाचं नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र, कुणाचा वारसदाखला, कुणाची घटस्फोटाची नोटीस. प्रत्येक ओळीवर आडवी रेघ. पुसलेलं काहीच गेलं नव्हतं. कुणातरी वकिलाच्या फाइलीतून दुरुस्त्यांची नोंद ठेवायची सोय चालू होऊन आली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक अर्ज मागच्या सगळ्या अर्जांचं ओझं वाहत होता. सेव्ह करताना कॉम्प्युटर ते सगळं लिहून काढायचा.

सायली खाली सरकत गेली आणि एकदम थांबली. 'प्रति, श्री. भारत यांस. पाठीच्या दुखण्यामुळे यापुढे काम होणार नाही.' खाली छायाताईंचं नाव. चाळीस पानांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तारखा वेगळ्या, मजकूर एकच. सायलीने पाच मोजले आणि मोजणं सोडून दिलं.

"ताई..."

"पुसलं होतं गं मी," छायाताई हळूच म्हणाल्या. भारतभाऊ दारात फोनवर होते. "थकवा आला की टाइप करायचे. मग गिऱ्हाईक यायचं."

"हे ठेवायचं का वेगळं?"

छायाताईंनी पडद्याकडे पाहिलं. मग कोंडाजींकडे, मग घड्याळाकडे.

"नको. काढ सगळं."

सायलीने सगळ्या दुरुस्त्या एकदम पक्क्या केल्या, म्हणजे पुसलेलं खरंच पुसलं गेलं, आणि ती सोय बंद केली. चाक शेवटचं एकदा भरपूर फिरलं. लाल नाहीसं झालं. उरलं दीड पान, कोंडाजींच्या शेतरस्त्याचं.

छायाताईंनी भावाचं नाव घातलं, सेव्ह दाबलं आणि सवयीने कप उचलला. फाइल सेव्ह झालेली होती.

"आता कसं!" कागद घेऊन कोंडाजी पळाले. भारतभाऊ आत आले, पाहत राहिले.

"म्हणजे मशीनचंच होतं की," ते म्हणाले आणि बाजूला पडलेली सहा कामं टेबलावर आणून ठेवली. "ही आजच होतील ना ताई?"

"होतील."

सायली त्या राजीनाम्यांबद्दल काही बोलणार होती. छायाताईंनी मानेनेच नको म्हटलं. कपावर बशी झाकली, पाठीमागची उशी सारखी केली आणि वरचा कागद ओढला.