आप्पांच्या दहाव्याची क्वार्टर

मला भीती वाटतेय. हे आधी लिहून टाकतो, मग आप्पांचं.

आज सकाळी नदीवर आप्पांचा दहावा झाला. माझे वडील. लोणंदजवळच्या गावचे, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार.

मी दारू सोडून चौदा महिने झालेत. तुम्हा मित्रांना ठाऊक होतं, भावकीला आज कळलं.

त्याआधी मला रोज पाजायचे ते आप्पाच. कॅन्टीनची रम, संध्याकाळी, स्वतः मापून. बाहेर पिऊन गटारात पडण्यापेक्षा घरात बरा, असं त्यांचं म्हणणं. सोबत स्वतःही घ्यायचे.

साताऱ्याच्या व्यसनमुक्ती सेंटरमधल्या मॅडम म्हणाल्या, एकट्याला ट्रीटमेंट नाही, अख्ख्या घरानं बसायचं. आप्पा जाम भडकले. पितोय हा, मी कशाला?

तरी दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

तिसऱ्या सेशनला मॅडमनी विचारलं, घरात ग्लास कोण भरतं?

आई माझ्याकडं बघायला लागली. मी फरशीकडं.

"मीच भरतोय," आप्पा म्हणाले. "आजपासनं न्हाई. मी बी घेणार न्हाई."

नाही घेतली. पण गावात कुणाला सांगितलंही नाही. पोरापायी सुभेदार सेशनला बसतोय, हे त्यांना गावाला कळू द्यायचं नव्हतं.

ते लपवणंच आज अंगाशी आलं.

पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला. माझे धाकटे चुलते तात्या म्हणाले, फौजी माणूस, त्याला रम लागणार. जाकिटातनं क्वार्टर काढून माझ्या हातात दिली. थोरल्या पोरानंच ओतायची म्हणे.

झाकण उघडलं. वास आला.

खरं सांगतो गड्यांनो, मला आप्पा आठवले नाहीत. घोट आठवला. बाटली दोन्ही हातांत धरून मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोरगा रडतोय.

आई बायकांतनं उठून आली. बाटली काढून घेतली.

"भावजी, त्यांनी सोडली हुती. पोरासाठी. आन् ह्यानं बी सोडलीया."

मग थर्मासमधला चहा ओतून पिंडाजवळ ठेवला.

कावळा कधी शिवला, मी बघितलंच नाही. मी बाटलीकडं बघत होतो. तात्यांनी ती झाकण लावून परत जाकिटाच्या खिशात घातली.

आता दुपार आहे. तात्या जेवून आडवे झालेत. त्यांचं जाकीट आमच्या सोप्यात खुंटीला आहे.

भीती वाटली की घरात बोलून दाखवायची, हे मॅडमनी शिकवलेलं. मी आईला खुंटी दाखवली. ती खुंटीखाली, आप्पांच्या खुर्चीत जाऊन बसलीय.

जय हिंद, आप्पा. आज अजून घेतलेली नाही.

संध्याकाळ तेवढी जायचीय.