झाकून ठेवलेलं ताट

आता कुणाला खरं वाटणार नाही, पण अठरा वर्षांची होईपर्यंत मला रुसता येत नव्हतं. भांडता यायचं, चावताही यायचं. एकदा एका मुलीची वेणी मी कात्रीने कापली आहे आणि त्याचा मला अजून पुरता पश्चात्ताप झालेला नाही. पण तोंड फुगवून कोपऱ्यात बसायचं आणि कुणी समजूत काढेपर्यंत हलायचं नाही, हे काही जमलं नाही. आमच्या बालगृहात साठ मुली. त्यात कोण कुणाची समजूत काढणार? पंगतीत बसलं की ताटातलं संपवायचं, ताट घासायचं, पालथं घालून ठेवायचं. एखादीने रागाने ताट सरकवलंच, तर शेजारच्या दोघी त्यावर तुटून पडायच्या आणि ती बसायची हात चोळत. मी स्वतः अशी कितीतरी ताटं फस्त केली आहेत.

अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागे. मोठ्या मुलींच्या वसतिगृहात दोन वर्षं राहता यायचं. तेवढ्यात पायावर उभं राहायचं, पुढे तुमचं तुम्ही. मी दिवसा शिवणक्लासला जायचे आणि संध्याकाळी खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं बघायचे. तिथे एक दिवस बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका, राहायला सदाशिव पेठेत, हौशी नाटकमंडळी चालवायच्या. दरवर्षी आमच्यातल्या एक-दोन मुलींना त्या नाटकात घेत. आमच्या अधीक्षिका म्हणाल्या, "बरं झालं, मुलींना तेवढाच विरंगुळा." त्यावर बाई म्हणाल्या, "विरंगुळ्यासाठी बागेत न्या. मला कामाला हव्यात. आवाज आहे का कुणाला?" मला आवाज होता. साठ जणींत भाजी दुसऱ्यांदा मागायची तर तो लागतोच.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. वसतिगृहाची अट एकच. नाटकात काम असेल तर साडेआठपर्यंत बाहेर, नाहीतर सहाच्या आत परत. त्या अडीच तासांसाठी मी काहीही केलं असतं. हॉलमध्ये पाऊल टाकलं की मला कुणी 'बालगृहातली' म्हणत नसे. "काय थोरल्या बाईसाहेब, आज लवकर उगवलात?" असं म्हणत, कारण एकांकिकेत मी घरातली थोरली मुलगी होते. आईचं काम बाई स्वतः करायच्या. वडील होते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी करणारे एक मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एरवी मुंगीलाही दुखवणार नाहीत, पण रंगमंचावर पेठेतला तापट बाप असा उभा करायचे की बाईंनासुद्धा आपले वडील आठवत.

गोष्ट साधी होती. थोरलीला पुढे शिकायचंय, बाप नाही म्हणतो, जेवताना वाद होतो, ती ताट सरकवून उठते आणि दाराशी जाऊन बसते. सगळी एकांकिका त्या सरकवलेल्या ताटावर उभी. रिकाम्या ताटावर मी ते झकास करायचे. मग बाईंनी घरून खरं जेवण आणायला सुरुवात केली, पोळी आणि वांग्याची भाजी. म्हणाल्या, "प्रेक्षक पुण्याचे आहेत. रिकामं ताट त्यांना शेवटच्या रांगेतूनही दिसतं, आणि मग घरी जाईपर्यंत तेवढंच बोलतात." आणि इथे माझं घोडं अडलं.

पहिल्या दिवशी बापाशी भांडता भांडता मी पोळी संपवली, भाजी संपवली, मग "नको मला जेवण!" असं ओरडले आणि ताट उचलून थेट नळावर घासायला गेले. मागे हॉल हसून लोळत होता. बाई नळापाशी आल्या. "ताट स्वच्छ निघालं. नाटक मात्र धुऊन गेलं. चल, पुन्हा."

पुन्हा केलं, रोज केलं. हात ताटापर्यंत जायचा आणि तिथेच आखडायचा. सरकवलंच तर दोन बोटं, आणि नजर ताटावर, कोण उचलतंय ते बघत. तालीम संपल्यावर ते वांगं मी मुकाट्याने खायचे. वांगं मला लहानपणापासून आवडत नाही, पण आवडत नाही असं म्हणायची सोय कुठे होती! ही एकांकिका स्पर्धेसाठी होती. तिची प्राथमिक फेरी जवळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर धाकटी करणारी मुलगी थोरली करेल." ती कॉलेजातली, एकुलती एक. तिला रुसायला चहात साखर कमी पडलेली पुरायची. मला तिचा इतका राग आला की पुन्हा एकदा कात्री आठवली. पण खरी धास्ती होती ती त्या खिडकीत परत जाऊन बसण्याची.

शुक्रवारी चाचांनी अधीक्षिकांची परवानगी काढून मला खडकीला आपल्या क्वार्टरमध्ये जेवायला नेलं. शिकवायला वगैरे नाही, घरी मटण केलं होतं म्हणून. जेवायला बसलो आणि त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी सहलीचा हट्ट धरून बसली. चाचा नाही म्हणाले. तिने ताट असं ढकललं की वाटी कलंडली. मी दचकले. आता कोण झडप घालतंय म्हणून पाहिलं, तर कुणीच नाही. चाची म्हणाल्या, "नखरे बघा!" आणि ते ताट उचलून, वर दुसरं पालथं घालून, ओट्यावर ठेवून आल्या. बाकीचे जेवत राहिले. माझी नजर त्या झाकलेल्या ताटावरून हटेना.

"चाचा, ते ताट कुणाला देणार?" मी विचारलं.

"कुणाला म्हणजे? तिचं आहे ते."

"पण ती तर नको म्हणाली."

चाचा हळू म्हणाले, "अगं, नको म्हणाली तरी तिचंच असतं ना."

थोड्या वेळाने ती पोरगी नाक ओढत आली, वरचं ताट बाजूला केलं आणि जेवली. तिला कुणी चकार शब्द बोललं नाही. मला तिचा भयंकर हेवा वाटला. परत सोडायला चाचा बसने बरोबर आले, तेव्हा वाटेत मला खूप रडू आलं. ते बिचारे खिडकीबाहेर बघत बसले.

शनिवारी बाईंनी वाढलं, चाचा गरजले, आणि मी ताट ढकललं. पोळी एकीकडे, वांगं सतरंजीवर. तोंडातून संहितेतलं वाक्य यायच्या ऐवजी निघालं, "नको मला! वांगं आवडत नाही मला! कधीच आवडलं नाही!" मी खाली वाकून भाजी गोळा करायला लागले, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. रुसलेली मुलगी सांडलेलं भरत नाही. दाराशी जाऊन बस." मी जाऊन बसले. मग त्या म्हणाल्या, "आणि इतके दिवस गिळत होतीस ते? तोंड नव्हतं सांगायला?" आवाज नेहमीसारखाच कडक, पण चष्मा काढून उगाचच पुसत होत्या. काम माझ्याकडेच राहिलं.

फेरीच्या आदल्या दिवशी बाईंनी विचारलं, तुला आवडतं तरी काय? उत्तर द्यायला मला चांगली पाच मिनिटं लागली. प्रयोगात ताटात बटाट्याची पिवळी भाजी होती. ती सरकवताना जिवावर आलं, म्हणून जास्तच राग आला आणि हात सरळ गेला. मागे वळूनसुद्धा न बघता मी दाराशी जाऊन बसले. प्रेक्षकांत कुणी खोकलंही नाही, आणि पुण्यात ही मोठी दाद समजावी. आमचं नाव पुढच्या फेरीत गेलं नाही. परीक्षक म्हणाले, शेवट लांबला. बाई म्हणाल्या, "जेवायची घाई असेल त्यांना." पुढची अकरा वर्षं मी बाईंच्या नाटकांत कामं केली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी पडदा पडला तेव्हा नुसती धांदल होती. पुढच्या संघाला रंगमंच रिकामा हवा होता. बापाचं, आईचं, धाकटीचं ताट केव्हाच पिशवीत गेलं होतं. विंगेत एका खुर्चीवर एकच ताट राहिलं होतं, वर दुसरं पालथं घातलेलं. चाचा पलीकडे उभे राहून मिशीचा डिंक सोडवत होते, माझ्याकडे न बघता. हे कुणाचं, असं मी विचारणार, तेवढ्यात पिशवी घेऊन बाई आल्या.

"रुसून झालं असेल तर जेवून घे," त्या म्हणाल्या. "मला ते ताट घासायचंय."